सगळ्यांना दिसणारा नकाशा

बेयाला सह्या करायचं वेड होतं. कागदावर नव्हे, फोनवर. राजधानी ट्यूनिसमधल्या मंत्र्याला जाब विचारणारा अर्ज कुणी एखाद्या साइटवर टाकला की त्याखाली आखाताच्या काठावरच्या आमच्या गावची बेया हजर. शाळेतल्या पोरांना गरम जेवण द्या, सही. खजुराचा मळा पाडून पेट्रोल पंप करू नका, सही. कुठल्याशा डोंगरी गावाला रुग्णवाहिका हवी होती. ते गाव कुठं आहे हे बेयाच्या बापालाही सांगता आलं नसतं, पण सही. क्रांतीनंतर आमच्याकडे अशा साइटचं नुसतं पीक आलं होतं. एकीवर कोणता खासदार संसदेत किती वेळा गैरहजर राहिला ते दिसे, एकीवर नगरपालिकेनं पैसे कशात घातले ते, एकीवर रस्त्यातल्या खड्ड्याचा फोटो टाकता येई. शिकलेल्या माणसांनी त्या चार दिवस पाहिल्या आणि सोडून दिल्या. सहावीतच शाळा सुटलेल्या बेयानं मात्र सोडल्या नाहीत. दुपारी लाल चहाचा पेला बाजूला ठेवून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ती एकेक ओळ बोटानं वाचत बसायची.

हे वेड लागलं एका दिव्यापायी. तिच्या गल्लीच्या तोंडाशी खांबावरचा दिवा वर्षानुवर्षं बंद होता. पुरुषमंडळी कॉफीच्या टपरीवर बसून सरकारला शिव्या घालायची आणि त्याच अंधारातून चाचपडत घरी यायची. बेयानं खांबाचा फोटो काढून खड्ड्यांच्या साइटवर टाकला, आणि आठवडा उलटायच्या आत शिडीची गाडी आली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला थांबवून ती सांगत होती, "मी लिहिलं म्हणून आले." तिचा नवरा कधीच वारला होता, पोटी मूल नव्हतं, आणि बाई म्हणून तिचं बोलणं आजवर कुणी पुरतं ऐकून घेतलं नव्हतं. वरती कुणीतरी आपलं वाचतं, ही गोष्ट तिच्या मनात घर करून बसली ती तेव्हापासून.

तो फोनही तिचा नव्हता म्हणायचा. तिचा धाकटा भाऊ लस्साद यानं ईदेला दिला होता. लस्सादला तिनंच वाढवलं. आई गेली तेव्हा तो रांगत होता; बेया त्याला पाठीला बांधून ओहोटीत तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या शिंपल्या, वेचायला जायची. आता तो शेजारच्याच घरात राहत होता, त्याची स्वतःची होडी होती, आणि बहिणीच्या वेडाची तो मनसोक्त टिंगल करायचा. थोरल्या बाईला आमच्याकडे मानानं लल्ला म्हणतात, तसं तो मुद्दाम म्हणायचा.

"काय लल्ला बेया, आज कुठलं सरकार पाडलंस?"

"तुझ्यासारखे टपरीवर बसणारे आहेत तोवर सरकारला कसली भीती?" बेया म्हणायची. "तू नागरिक आहेस का कोण आहेस रे?"

"मी मासे धरतो. नागरिक तू हो, घरात एक पुरे."

तिसऱ्या वेचणं हे आमच्याकडे बायकांचं काम. पाणी हटलं की डोक्याच्या फडक्यावर गवती टोपी, हातात विळा, कमरेला बादली, आणि कमरेत वाकून रेताड चिखलातून मैलभर चाल. वाळूत शेजारी-शेजारी दोन बारीक भोकं दिसली की विळ्याचं टोक खुपसायचं. मोठी बादलीत, लहान परत वाळूत. दलाल त्या घेतो आणि त्या बोटीनं इटलीला जातात. तिकडचे लोक शेवयांत घालून खातात म्हणे. आमच्या गावात कुणी त्या तोंडात घालत नाही.

सगळ्या किनाऱ्यावर तिसऱ्या सारख्या नसतात. एखाद्या खळगीत दाट, चार पावलांवर काही नाही. म्हणून प्रत्येक बाईची स्वतःची एक जागा असते. ती आई मुलीला नेऊन दाखवते, तोंडानं सांगत नाही. नवऱ्याला सांगायची नाही, कारण नवऱ्याला सांगितली म्हणजे टपरीवर मांडली. मुलगा बोलायला लागला की त्याला बरोबर न्यायचं बंद. लस्सादलाही बेयानं असंच बंद केलं होतं. जागेकडे सरळ कुणी जात नाही. आधी भलतीकडे चालायचं, मग वळायचं, मध्ये दोनदा मागं पाहायचं, आणि कुणी दिसलंच तर चपलेतला खडा काढत बसायचं. बायका वर्षानुवर्षं एकमेकींशेजारी राबायच्या, लग्नांत एकमेकींच्या मुलींना मेंदी लावायच्या, पण जागा कुणी कुणाला विचारली नाही. विचारणं म्हणजे दुसरीच्या ताटात हात घालणं.

अशा बायकांकडून बेयानं त्यांच्या जागा काढून घेतल्या. जोरानं नव्हे, मायेनं. म्हणूनच ते जास्त वाईट झालं.

त्या वर्षी नगरपालिकेनं स्वतःची साइट काढली. लोकांनी काम सुचवायचं, लोकांनी मतं द्यायची, पहिलं येईल त्याला त्या वर्षीच्या पैशातला वाटा. ट्यूनिसच्या एका संस्थेची सिरीन नावाची तरुण बाई ती समजावून द्यायला आली. गोड मुलगी, घाईघाईनं बोलणारी, प्रत्येकीला नावानं हाक मारणारी. सभेला बायका चारच आल्या आणि त्या चौघींना बेयानं ओढून आणलं होतं. बेया उठून म्हणाली, किनाऱ्यावर आम्हाला शेड हवी. पाय धुवायला गोडं पाणी हवं, कपडे बदलायला आडोसा हवा, आणि बायकांना जिथं जाता येईल असा एक संडास हवा. तिशीच्या पोरींची मूत्रपिंडं बिघडताहेत.

सिरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, त्यात खोट नव्हती. पण नंतर ती म्हणाली, "लल्ला बेया, नुसतं हवी म्हणून कोण देणार? इंजिनियर म्हणेल, तिथं कोण काम करतं? बायका कुठं कुठं वेचतात ते नकाशावर दाखवा. जितक्या खुणा जास्त, तितका प्रस्ताव भक्कम."

"आणि खुणा बघणार कोण?"

"सगळे. तीच तर खरी गोष्ट. सगळं उघड, कुणाला काही लपवता येणार नाही."

बेयाला ते फार आवडलं. तिच्या मनातले सगळे म्हणजे नगराध्यक्ष, इंजिनियर, ट्यूनिसचे साहेब, फार तर फ्रान्समधली मंडळी. ज्यांना आपण आजवर दिसलोच नाही ते सगळे. टपरीवरचे पुरुष तिच्या हिशेबात त्या सगळ्यांत येत नव्हते; ते तर रोजचेच होते.

मग ती एकेकीला घरी बोलवू लागली. दार लावून घ्यायची, चहा करायची, त्यात बदाम टाकायची. फोनवर वरून काढलेला किनाऱ्याचा फोटो उघडायची आणि म्हणायची, "बोट ठेव." बाई दाराकडे बघायची, मग बेयाकडे, आणि बोट ठेवायची. तिथं एक लाल खूण उमटायची. प्रत्येकीला वाटायचं, जागा सांगितली ती बेयाला. फोन म्हणजे नुसती पाटी, त्यावर बेयानं आठवणीला लिहून ठेवलं.

तिची मैत्रीण दलीला जिभेची तिखट. ती म्हणाली, "उद्या कुणी माझ्या जागेवर आलं तर?"

"ते माझ्या मानेवर," बेया म्हणाली.

आमच्याकडे हा शब्द कुणी उगाच देत नाही. दलीलानं बोट ठेवलं.

राहिली उम्मी शादलिया, गावाची शादलिया आई. ऐंशीच्या घरातली, बेयाच्या आईची जिवाभावाची. तिच्या दोन्ही मुली मार्सेलला, त्या कधी चिखलात उतरणार नव्हत्या. तिची जागा गावात सगळ्यांत चांगली असणार हे सगळ्यांना माहीत होतं, कारण ती सगळ्यांत उशिरा जायची आणि सगळ्यांत आधी भरलेली बादली घेऊन यायची. ती बेयाच्या घरी आली नाही. एका ओहोटीला तिनं बेयाला हाक मारली आणि काही न बोलता चालू लागली. खूप फिरवलं, दोनदा मागं पाहिलं, आणि शेवटी एका खळगीपाशी थांबून विळा खाली टेकवला.

"ही तुझ्या यंत्रासाठी नाही," ती म्हणाली. "ही तुला. मुलीला देतात तशी."

बेया तिच्या गळ्यात पडून रडली. घरी येऊन तिनं चहा केला आणि फोन उघडला. खूण लावली नाही तर उम्मी शादलियासारख्या म्हाताऱ्या बाईची मेहनत सरकारला दिसणार कशी? शेड बांधताना तिच्या वाटेचा विचार कोण करणार? चांगल्या बाईनं चांगल्या कामासाठी स्वतःची समजूत घातली की तिला अडवणारं कुणी नसतं. बेयानं ती खूणही लावली.

प्रस्ताव साइटवर चढला आणि पहिला पाठिंबा आला तो लस्सादचा. बेयाचा विश्वास बसेना. दारातूनच ती ओरडली, "अरे, तू?"

"रोज डोकं खातेस, म्हटलं एकदा होऊन जाऊ दे नागरिक," लस्साद म्हणाला. मग फोन घेऊन तिच्या ओट्यावर बसला. "हा नकाशा मोठा कसा करायचा? आणि आपण कुठं आहोत ते दाखवतो म्हणतात, ते कुठं दिसतं?"

बेयानं शिकवलं. बोटं अशी फाकव, मोठा होतो. हे इथं दाब. "हा निळा ठिपका म्हणजे तू. तू चाललास की तोही चालतो." तिनं त्याला वर लिहिलेलं वाचूनही दाखवलं: ही माहिती सर्व नागरिकांसाठी खुली आहे. भावानं आजवर इतकं मन लावून तिच्याकडून काही शिकून घेतलं नव्हतं. त्या दिवशी तिनं त्याच्यासाठी मुद्दाम माशाचा कुसकुस केला आणि तो दोनदा वाढून घेऊन जेवला.

मतं पडली. बेयानं हम्मामच्या न्हाणीघरात, बेकरीत, दवाखान्याच्या रांगेत बायकांचे फोन हातात घेऊन मतं मिळवली. फुटबॉलच्या मैदानाला मागं टाकून शेड पहिली आली. दलीलानं भर गल्लीत ललकारी दिली, आणि चार दिवस बेया गावातून नगराध्यक्षासारखी हिंडली.

अमावास्येची मोठी ओहोटी आली त्या सकाळी बायका निघाल्या. नेहमीप्रमाणे वेगवेगळ्या, वाकड्या वाटांनी. आणि थोड्या वेळानं, आजवर कधी झालं नव्हतं ते झालं: एकीनं आपल्या जागेवरून दुसरीला हाक मारली. मग दुसरीनं तिसरीला. बेया धावत गेली. दलीलाच्या जागेवर वाळू नांगरल्यासारखी झाली होती. लोखंडी दातांचा पिंजरा भरतीच्या पाण्यात होडीमागून ओढला की तळ असा निघतो. मोठ्या तिसऱ्या नेलेल्या, लहान फुटून पडलेल्या, पुढल्या वर्षीचं बी उन्हात उघडं. चर जागेपुरतेच होते. आजूबाजूच्या रिकाम्या वाळूला कुणी दात लावला नव्हता. ज्यानं हे केलं त्याला कुठं सुरू करायचं आणि कुठं थांबायचं ते ठाऊक होतं.

उम्मी शादलियाची खळगी तर राहिलीच नव्हती.

दलीलानं आरडाओरडा केला नाही. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मान कुठं आहे तुझी? दाखव मला."

बायका म्हणत होत्या, बाहेरच्या मोठ्या होड्या असतील. बेयाही तसंच म्हणाली. पण परत येताना तिला ओट्यावर बसलेला लस्साद आठवत होता आणि लाल खुणेकडे सरकणारा निळा ठिपका. ती घरी गेली नाही, थेट त्याच्या अंगणात गेली. तो भिंतीपाशी बसून इंजिनाचा पट्टा बदलत होता. ताडपत्रीखालून पिंजऱ्याचा कोपरा बाहेर आला होता आणि दातांमध्ये नखाएवढ्या तिसऱ्या अडकून वाळल्या होत्या.

"उम्मी शादलियाची जागा तू खरवडलीस," बेया म्हणाली.

त्यानं मान वर केली नाही. "समुद्र आहे, ताई. शादलियाच्या बापानं विकत नव्हता घेतला."

"तुला जागा कुणी सांगितली?"

"तूच की."

"मी सरकारला सांगितली होती."

"वर काय लिहिलंय ते तूच वाचून दाखवलंस. सर्व नागरिकांसाठी खुली. मग मी सर्वांत येत नाही का? वर्षभर नागरिक हो, नागरिक हो. झालो, आता बोंब कशाला?"

"तुला पाठीला बांधून त्या वाळूत नेलं रे मी."

"आणि बोलायला लागलो तसं बंद केलंस." आता त्यानं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग होता, जुना. "माझ्या बायकोला दाखवलीस कधी आईची जागा? तुला मुलगी नाही. कबरीत घेऊन जाणार होतीस ती. आणि माझ्यावर काय डाफरतेस, मी नसतो गेलो तर दुसरा गेला असता. नकाशा काय माझ्याच फोनवर आहे?"

हे शेवटचं खरं होतं, आणि तेच तिला सहन झालं नाही. भावानं गळा कापला असता तरी तिनं एक वेळ माफ केलं असतं. पण सुरी तिनंच धार लावून, चौकात ठेवून, सगळ्यांनी या म्हणून हाक मारली होती. तिनं पिंजऱ्याचा फोटो काढला. लस्साद बघत होता, त्यानं अडवलं नाही. अशा पिंजऱ्यांना सरकारची बंदी होती. घरी येऊन तिनं तक्रारीची साइट उघडली, होडीचा नंबर घातला, नाव घातलं. खाली 'पाठवा' असं लिहिलेलं हिरवं बटण होतं. त्यावर तिचं बोट जाईना. तिला आठवत होतं ते रांगतं पोर, तिच्या पाठीवर झोपून तिच्या मानेवर लाळ गाळणारं. परक्या डोंगरी गावासाठी सही करणाऱ्या बेयानं ती एक सही केली नाही.

गावात असं लपत नाही. चार दिवसांनी दलीलानं बेकरीत तिला विचारलं, "होडी कुणाची होती?" बेया पावांकडे बघत राहिली. दलीलानं आपले पाव उचलले आणि त्यानंतर ती बेयाशी बोलली नाही. इतर बायकाही बोलेनात. हम्माममध्ये बेया गेली की पाण्याचे आवाज तेवढे ऐकू येत.

तिनं साइटला लिहिलं, खुणा काढून टाका. उत्तर आलं, फार सभ्य: मतदान झालेल्या प्रस्तावात पारदर्शकतेसाठी बदल करता येत नाही, आपल्या सहभागाबद्दल आभार. तिनं सिरीनला फोन केला. सिरीन म्हणाली, "लल्ला बेया, मला माहीत नव्हतं हो. तुम्ही सांगायचं होतं, या जागा गुपित असतात म्हणून."

"गुपित असतं ते सांगायचं कसं, बेटा?" बेया म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. वरती कुणीतरी वाचतं, याची तिला आता खात्रीच पटली होती. पण तिला वाटलं होतं तसं ते वाचणं नव्हतं. मधल्या काळात दुसऱ्या गावांच्या होड्याही येऊन गेल्या. उरलेसुरले तळ त्यांनी काढले.

आणि शेड झाली. हो, झाली. आमच्याकडे नगरपालिकेनं कबूल केलेलं काम वेळेत पुरं झाल्याची ती पहिलीच वेळ असेल. निळे पत्रे, सिमेंटचा ओटा, गोड्या पाण्याचे नळ, बायकांचा संडास, त्याला आतून कडी. वसंतात उद्घाटन झालं. नगराध्यक्ष आले, सिरीन संस्थेचा फलक घेऊन आली, टपरीवरचे पुरुष झाडून आले. बेया सोडली तर तिसऱ्या वेचणारी एकही बाई आली नाही. काही जणी एव्हाना कपड्यांच्या कारखान्यात जायला लागल्या होत्या.

नगराध्यक्षांनी लोकशाहीवर भाषण केलं. मग बेयाला पुढं बोलावून तिच्या हातात मानपत्र दिलं. दुसरं मानपत्र प्रस्तावाला पहिला पाठिंबा देणाऱ्या नागरिकाला होतं. लस्साद इस्त्रीचा सदरा घालून आला होता. त्याला बहिणीशेजारी उभं करण्यात आलं, आणि कुणीतरी म्हणालं, जवळ या, भाऊ-बहीण आहात ना. त्यानं तिच्या खांद्यावर हात टाकला. फोटोसाठी बेया उभी राहिली. तो फोटो अजून साइटवर आहे, खाली लाल खुणांचा नकाशा आणि वर हिरव्या अक्षरांत 'पूर्ण झाले'.

माणसं पांगली तेव्हा उम्मी शादलिया येताना दिसली. टोपी, बादली, विळा, सगळं घेऊन. सवयीनं घेतलं असेल. तिनं ओट्यावर बसून चपला काढल्या, नळ सोडला आणि पाय धुतले. पायांना चिखल नव्हता. ती घरून येत होती. तरी तिनं बोटांच्या बेचक्यांतून नीट धुतले आणि ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं.

"गोड आहे," ती म्हणाली.

"उम्मी," बेया म्हणाली. तिनं नळ बंद केला, वाकून चपला म्हातारीच्या पायांत सरकवल्या. "चला, मी सोडते घरी. हात धरा."

म्हातारीनं तिच्या हाताकडे पाहिलं. रागानं नाही, बाजारात नको असलेल्या वस्तूकडे पाहतात तसं.

"नको. मी जाईन."

ती उठली आणि निघाली. घराची वाट सरळ होती, मशिदीवरून वर. म्हातारी त्या वाटेला लागली नाही. आधी भलतीकडे, किनाऱ्यानं खाली गेली, मग जुन्या विहिरीपाशी वळली. मध्ये ती दोनदा थांबली, आणि दोन्ही वेळा मागं वळून तिनं पाहिलं, बेया मागून येत नाही ना.